पांडवांच्या खळ्याचा जीर्णोद्धार

आमच्या वाडीच्या वर माळ आहे. सगळा जांभा, नांगर न लागणारा. पावसात तिथे गवत, आणि चैत्र-वैशाखात तापलेला तवा. त्या माळाच्या मधोमध काळ्या दगडांचं एक रिंगण आहे. काही दगड गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. माळावर दुसरीकडे कुठे काळा दगड नाही, म्हणजे कोणीतरी ते खालून ओढत आणले. कोणी आणले, कशाला आणले, हे कोणालाच माहीत नाही. आम्ही भातवाले लोक, आम्हाला गोल दिसलं की खळं दिसतं. म्हणून त्याला पांडवांचं खळं म्हणायची पद्धत पडली. पांडवांनी इथे भात झोडला, असं माझी आई सांगायची. पांडवांना भात कुठून मिळाला, ते तिने कधी सांगितलं नाही.

यंदाच्या शिमग्याला पुण्याहून सुचिता नावाची मुलगी आली. जुन्या जागा खणून अभ्यास करणारी. कुड्याची लेणी बघायला आली होती, तिथे तिला कोणीतरी आमच्या खळ्याची गोष्ट सांगितली. नेमकी त्या दिवशी पालखी घरोघर फिरत होती. पोरं नाचत होती, कोणाला सवड नव्हती. माझे गुडघे आता नाचायचे राहिले नाहीत, म्हणून तिला माळावर मी नेलं.

तिने रिंगणाला दोनदा फेरी घातली आणि विचारलं, "आबा, गावातली माणसं इथे काय करतात?"

"गुरं बसवतात."

"पूजा वगैरे काही?"

"न्हाय गो बाय. पूजेला खाली देऊळ हाय ना."

ती हसली आणि दगडाला टेकून बसली. म्हणाली, "नागपूरकडे अशी वर्तुळं शेकड्यांनी आहेत. तिकडे खणलं की बऱ्याच ठिकाणी खाली माणूस सापडतो. हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारं. पण काही वर्तुळांत माणूस सापडतच नाही. मग ती कशाला मांडली? कोणी म्हणतं, दूर कुठे मेलेल्याची आठवण म्हणून. कोणी म्हणतं, सूर्य बघून काही विधी करत असतील. अजून नक्की कोणालाच सांगता येत नाही. आणि इकडे समुद्राच्या बाजूला असं काही असेल, असं कोणी धरलेलंच नाही."

"किती जुनं म्हनायचं?"

"अडीच-तीन हजार वर्षं असू शकेल. खणल्याशिवाय मी बोलणार नाही."

रिंगणाचा अर्धा भाग मोकळा होता. उरलेल्या अर्ध्यावर करवंदीची जाळी इतकी माजली होती की आत काय आहे ते मी लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. तिने मोकळ्या दगडांचे फोटो काढले. दिवस कलला तेव्हा म्हणाली, "परवानगी काढून दिवाळीनंतर येते. तोवर एवढं करा आबा. एकही दगड हलू देऊ नका. जाळीसुद्धा तोडू नका, मुळं उपटली की खालची माती उलटीपालटी होते. सगळं जिथल्या तिथे असलं, तरच मला काही कळेल."

"मी हाय ना," मी म्हणालो.

खाली आल्यावर मी एक फळकुट घेतलं आणि त्यावर रंगाने लिहिलं: येथे हात लावू नये. मी अक्षरं उतारवयात, साक्षरतेच्या वर्गात शिकलो. त्यामुळे 'हात' मोठा आणि 'नये' कोपऱ्यात दाटून गेलं. तरी फळी माळावर ठोकली आणि रोज सकाळी गुरं तिथून दुसरीकडे वळवू लागलो.

मे महिन्यात मुंबईकर आले. आमच्या वाडीचं मुंबईला मंडळ आहे, त्याचा पुढारी दादू, माझ्या चुलतभावाचा मुलगा. तो उरणला राहतो, कंटेनरच्या गाड्या पळवतो, आणि गावात आला की आल्या दिवशी सभा घेतो. सुचिताबाईची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती.

"तीन हजार वर्षांचं देवस्थान आन् ते करवंदीत?" दादू सभेत उभा राहून म्हणाला. "दिवाळीनंतर पुण्याचे मोठे साहेब येनार. काय दाखवनार त्यांना? गुरांचं शेण? इज्जत का सवाल हाय."

"ती म्हनाली, हात लावू नका," मी म्हणालो.

"आबा, ती शिकलेली मानसं, त्यांना तसं बोलावं लागतं. पाहुना म्हनतो, माझ्यासाठी काय करू नका. म्हनून आपन काय चहा ठेवत न्हाय?"

सगळे हसले. शेजारच्या वाडीने त्यांच्या बहिरी देवाच्या देवळाला फरशी घातली होती, आणि ते दोन वर्षं आम्हाला ऐकवत होते. मी पुन्हा एकदा नाही म्हणालो. मग दादू म्हणाला, "जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष तुमी. तुमी सांगाल तसं करू."

तिसऱ्यांदा मी नाही म्हणालो नाही. मनाशी धरलं, घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आपण अंगण सारवतोच. ती मुलगी येईल, जागा स्वच्छ बघेल, खूश होईल. फळी मी माझ्या हाताने उपटली. आवडाबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, ती चुलीत घातली.

काम माझा पुतण्या गणराज याने घेतलं. तो गवंडी आहे, हाताला चांगला. जाळी तोडल्यावर आत आडवा पडलेला एक लांब दगड निघाला, माणसाहून उंच. आसपास चार-पाच लहान दगड कसेही कललेले, आणि एका बाजूला नुसती मोकळी जागा.

गणराज म्हणाला, "आबा, ह्यो मेन दगड. ह्यो उभा पायजे, आन् तोंड पूर्वेला. आपलं कुठलं देऊळ पश्चिमेला तोंड करून हाय?"

दादू म्हणाला, "फोटोतले दगड हलवू नको फक्त. त्यांना रंग मार. बाकीचे लाव नीट. गोल पूर्ण दिसला पायजे."

मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. फोटोतले दगड हलवायचे नाहीत, म्हणजे आपण काहीतरी लपवतोय, हे न कळण्याइतका मी साधा नाही. पण मी दोर धरायला पुढे झालो.

लांब दगड पहारींनी उचलला. खालची माती सारखी करायला गणराजने कुदळ मारली आणि मडकं फुटल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. खापऱ्या आतून काळ्या होत्या, बाहेरून तांबड्या. आत काळी माती होती आणि त्या मातीत पांढरे तुकडे.

मी बापाची राख सावडली आहे, आईची सावडली आहे, थोरल्या मुलाचीही. ते पांढरं काय आहे हे मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

गणराजचा हात थांबला होता. "आबा, काय करू?"

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सत्यनारायण होता. भटजी तळा गावाहून ठरले होते, मुंबईच्या गाड्या येऊन लागल्या होत्या, देवळापाशी मंडपवाला वासे उतरवत होता. मी 'हाड' म्हटलं की विटाळ. मग पूजा नाही, पंगत नाही, साऱ्या वाडीने डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि समितीच्या अध्यक्षाने मशाणात जीर्णोद्धार केला, ही गोष्ट शेजारच्या वाडीत सांजेच्या आत पोचणार.

मी म्हणालो, "जुनं मडकं हाय. भरावात टाक."

गणराजने माझ्याकडे पाहिलं. मग फावड्याने सगळं उचलून मुरुमात टाकलं, वरून पाणी मारलं, धुमसाने चोपून घट्ट केलं. संध्याकाळपर्यंत त्यावर पांढरी फरशी बसली. दगडांना शेंदरी ऑइलपेंट लागला. उंच दगड पूर्वेला तोंड करून उभा राहिला आणि गणराज म्हणाला तसा खरंच छान दिसला.

पूजा झाली. फरशीच्या कडेला चुली मांडून बायकांनी भात, वालाचं बिरडं आणि शिरा केला. पंगत उठल्यावर लहान मुलं त्या गार फरशीवर झोपली. मी प्रसाद घेतला आणि तसाच पानावर ठेवून उठलो. आवडाबाई म्हणाली, उन्हाने झालं असेल.

दिवाळी झाली आणि सुचिताबाई आली. दादू मुद्दाम उरणहून आला होता. माळावर मंडप, खुर्च्या, शाल-श्रीफळ, सगळी तयारी. ती पायवाटेने वर आली आणि शेंदरी रिंगण दिसल्यावर जागीच उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. ओल्या मातीवर चालताना पाय सरकला की माणूस जसा आधी स्वतःला सावरतो, तशी ती सावरली आणि पुढे आली. दादूने तिला शाल पांघरली. तिने घेतली. टाळ्या झाल्या.

मग तिने हळूच विचारलं, "दगड हलवले का तुम्ही?"

"छे छे मॅडम!" दादू म्हणाला. "जागचा एक न्हाय हालला. फक्त रंग आन् फरशी. जाळी तेवढी काढली. विचारा आबांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही, पण मान हलवली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "रंग काढता येतो. फरशीचंही बघू." आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

ती आमच्याच घरी उतरली. सकाळी आम्ही दोघं माळावर गेलो. दादू आदल्या दिवशीच परत गेला होता. तिने होकायंत्र काढलं, दोऱ्या लावल्या, एकेका दगडाची दिशा घेत गेली. उंच दगडापाशी आली, एकदा बघितलं, मग पुन्हा यंत्र झटकून बघितलं.

"आबा, इकडे या. हे बघा. याची सपाट बाजू बरोब्बर पूर्वेला आहे. बरोब्बर!" तिचे गाल लाल झाले होते. "एवढा उंच दगड, आणि सूर्य उगवतो तिकडे तोंड. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, सूर्याचं? इथे नुसती मूठमाती नाही, काहीतरी विधी होता. सूर्याशी जोडलेला. कोकणात असं पहिल्यांदाच!"

तिने फोन काढला. "थांबा, आधी सरांना सांगते."

वाडीकडून आवडाबाई चहाची किटली घेऊन वर येत होती. फोनची रिंग मला ऐकू येत होती. मला वाटलं, पलीकडचा माणूस उचलणार नाही. मग आवाज आला, "हां सुचिता, बोल." तिने तोंड उघडलं आणि मी म्हणालो,

"त्यो गणराजने लावलाय."

"काय?"

"उंच दगड. त्यो आडवा पडला होता. देवळाचं तोंड पूर्वेला असतंय, म्हनून गणराजने तसा लावला. मे महिन्यात."

तिने फोन कानापासून बाजूला घेतला. आतून "हॅलो, हॅलो" येत राहिलं. मग तिने तो बंद केला.

"कुठे पडला होता?"

मी दाखवायला गेलो. पहिल्यांदा माळाच्या कडेला असलेल्या उंबराच्या बाजूला हात केला. मग वाटलं, नाही, जरा अलीकडे. डोकं घाटाकडे होतं की खाडीकडे? बाकीचे लहान दगड कुठे कलले होते? साऱ्या आयुष्यात मी या माळावर गुरं चारली, दगडांवर बसून विड्या ओढल्या, आणि मे महिन्यात माझ्या डोळ्यांसमोर हललेल्या दगडांची जागा मला सांगता येईना. मी फरशीवर इकडून तिकडे फिरत राहिलो. सगळीकडे पांढरी फरशी, एकसारखी.

"राहू दे आबा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काल तुम्ही मान हलवलीत."

"व्हय."

"अजून काही आहे?"

तिथे थांबता आलं असतं. दगड हलवल्याचा दोष साऱ्या वाडीत वाटला गेला असता. आवडाबाई किटली धरून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी खाली बघून सांगितलं. "दगडाखाली मडकं होतं. आतून काळं, बाहेरून तांबडं. फुटलं. आत अस्थी होत्या. मी ओळखल्या. तरी गणराजला म्हनालो, भरावात टाक. पूजा मोडली असती म्हनून."

सुचिताबाई मटकन फरशीच्या कडेवर बसली आणि लगेच उठून उभी राहिली.

आवडाबाईने किटली खाली ठेवली. "आन् मी तिथं चूल मांडली," ती म्हणाली. "देवाचा शिरा ढवळला. तुमी समोर बसून बघत होतात."

ती चहा न देताच खाली गेली.

दिवस मावळायच्या आत देवळासमोर गावकी बसली. मीच बोलावली. दादूला फोन लावून फोन कट्ट्यावर ठेवला होता, त्यातून तोच जास्त बोलत होता.

"आबा, गप बसायला काय झालं होतं? मॅडम खूश होती ना? पूर्वेला तर पूर्वेला. कोनाच्या बापाचं काय जात होतं?"

"खोटं छापून आलं असतं, दादू."

"येऊ दे की! कोन वाचनार हाय?"

गणराज खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "भरावात मी टाकलं. फावडं माझ्या हातात होतं."

"माझ्या शब्दावर टाकलं," मी म्हणालो. "त्याने इचारलं होतं."

सोनूबाई, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, मला हाताने भरवलेली, काठी टेकत पुढे आली. "काळूराम, माझी पनती त्या फरशीवर झोपली होती रं. कोनाच्या उशाशी निजवलीस तिला?"

मी उठून तिच्यापुढे उभा राहिलो.

"पांडवांचं खळं म्हनत होतो तवा गुरं बसवत होतो," ती म्हणाली. "ठाव नव्हतं, तर पाप न्हाय. तुला ठाव होतं."

फोनमधून दादू शांतीची पूजा, भटजी, असं काही सांगू लागला. सोनूबाईने गणराजला खूण केली आणि त्याने फोन बंद केला. फरशी फोडायची की नाही यावर थोडी कुरबुर झाली. घरोघरची वर्गणी होती, लोकांना जड जाणारच. शेवटी म्हातारीचाच शब्द राहिला. ज्याने टाकलं, त्याने उचलावं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

पुढचे दिवस मी माळावर होतो. गणराजने छिन्नी आणि हातोडा माझ्या दारात आणून ठेवला होता. फरशी चांगली बसवलेली, लवकर निघत नव्हती. सुचिताबाईने एका बाजूला निळं प्लास्टिक अंथरलं. मी मुरूम काढून घमेल्यात घालायचो, ती तो चाळायची. 'इथे फोडा', 'हळू', 'थांबा', एवढंच ती माझ्याशी बोलायची. आबा म्हणायची बंद झाली होती. वाडीतली माणसं गुरं घेऊन लांबून जायची. काही उभी राहून बघायची. मी मान वर करत नव्हतो.

खापऱ्या मिळाल्या, पण थोड्या. एकेक ती कागदात गुंडाळून ठेवायची. पांढऱ्या तुकड्यांचं मात्र कठीण होतं. फरशीचे कपचे पांढरे, चुन्याचे खडे पांढरे, आणि त्यांत ते. पहिल्या नजरेला ज्याने ओळखलं होतं, त्याला आता चिमटीत धरूनही ओळखता येईना.

"सगळंच घ्या," ती म्हणाली. "लॅबमध्ये वेगळं करतील. जमलं तर." मग चाळण खाली ठेवून तिने विचारलं, "तेव्हा कसं दिसलं? मोठ्या माणसाचं की लहान मुलाचं?"

"मी नीट बघितलं न्हाय, बाय."

"काहीच नाही?"

"बघितलं असतं, तर टाकायला हात झाला नसता."

तिने पुन्हा चाळण उचलली.

दुपारी आवडाबाई वर आली. त्या सकाळनंतर ती माळावर आली नव्हती. भाकरी सुचिताबाईपुढे ठेवली, माझी दगडावर ठेवली. मग प्लास्टिकवरच्या पांढऱ्या ढिगापाशी वाकून बघितलं.

"ह्याचं दिवसपाणी कोनी करायचं आता?" तिने विचारलं. "ह्याचं कोन हाय?"

"त्यांनी तेव्हाच केलं असेल, मावशी," सुचिताबाई म्हणाली. "मडक्यात घातलं, वर दगड ठेवला, खालून एवढे दगड ओढत आणून भोवती मांडले. कदाचित कुठला देव नसेल, सूर्यही नसेल. हेच त्यांचं दिवसपाणी असेल."

आवडाबाईने हे ऐकलं, मनात नीट बसवलं.

"म्हंजी त्येंनी केलेलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्येंनी उधळलं."

ती चाळणीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि पदर खोचून तिने चाळणीची कड धरली. घमेलं रिकामं झालं होतं. मी पुढच्या फरशीला छिन्नी लावली.